घाऊक माफी आणि वाकडे पापड

बेळगावच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर ब्राह्मीआक्का आणि संगणक यांची पहिली भेट झाली, तेव्हा दोन राज्यांचे गृहमंत्री आपापला बंदोबस्त घेऊन कोगनोळी नाक्यावर समोरासमोर यावेत तशी हवा तापली होती. खोलीतल्या नर्सा भिंतीला चिकटल्या. बाहेरच्या बाकावरच्या बायका पिशव्या सावरून उठल्या. खालच्या कँटीनमधलं दूध त्याच घटकेला नासलं असंही नंतर कँटीनवाला शपथेवर सांगत असे. पण तो दूध नासल्याची कारणं रोजच नवी शोधत असे, तेव्हा ते सोडून देऊ.

संगणक तसा काही फार मोठा प्राणी नव्हता. शाळेतल्या पाटीएवढा, काळा, पाठीला टेकू लावून टेबलावर बसवलेला. आक्कानं पदर खोचला, चष्मा नाकावर चढवला आणि तालमीतला वस्ताद नवख्या पोराला न्याहाळतो तसं त्याला न्याहाळलं. पहिला डाव पाटीनं टाकला. आतून एक बाई अत्तर शिंपडल्यासारख्या आवाजात म्हणाली, "नमस्कार सखी. आज आपल्याला कसं वाटत आहे? खालील चेहऱ्यांपैकी आपला चेहरा निवडा."

खाली पिवळे गोल चेहरे ओळीनं बसले होते. या टोकाला खदाखदा हसणारा, त्या टोकाला ढसाढसा रडणारा, मधले सगळे पोट बिघडलेले. आक्कानं एकेक चेहरा बोट लावून तपासला आणि पाटी दूर सारली.

"ह्यात माझा न्हाय."

"असेल की आक्का. नीट बघा," शेजारी बसलेली अदिती म्हणाली.

"बघितलं की. ह्यात हसणारी हाईत, रडणारी हाईत. मी हसत बी न्हाय आणि रडत बी न्हाय. मला एकीचा गळा धरायचाय. तसलं तोंड कुठाय ह्यात?"

पाटीवरचं चित्र तिथल्या तिथं विझलं. अदिती म्हणते, वीज गेली होती. आक्काला ते आजतागायत मान्य नाही.

अदिती ही टिळकवाडीत वाढलेली, गोड बोलणारी, चटकन घाबरणारी मुलगी. छातीचा कॅन्सर झालेल्या बायकांसाठी दवाखान्यानं 'सोबत' नावाचा एक कार्यक्रम सुरू केला होता आणि तो चालवायची जबाबदारी तिच्या अंगावर पडली होती. प्रत्येक बाईला एक पाटी घरी न्यायला मिळे. तीत औषधांची माहिती, हाताचे व्यायाम, डॉक्टरांना प्रश्न विचारायची जागा आणि आजारातून गेलेल्या बायकांचे व्हिडिओ. कल्पना नामी होती. फक्त बायका ती पाटी घरी नेऊन तिच्यावर धुतलेल्या वाट्या पालथ्या घालत होत्या. कारण आतली ती अत्तरवाली बाई "आरशासमोर उभं राहून स्वतःकडे पाहून स्मित करा" असं सांगे, आणि ते ऐकून खानापूरच्या एका बाईनं पाटी उन्हात वाळत घातली होती.

आता ब्राह्मीआक्काला गळा कुणाचा धरायचा होता, ते सांगितलं पाहिजे.

निपाणीत जुन्या पी.बी. रोडच्या आतल्या गल्लीत दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एकात ब्राह्मीआक्का आणि तिचे यजमान धरणेंद्रआण्णा. आण्णांचं खताचं नि बियाण्यांचं दुकान; माणूस इतका शांत, की दुकानात गिऱ्हाईक आलं तरी आण्णा आत आहेत की बाहेर हे खोकला आल्याशिवाय कळत नसे. दुसऱ्या घरात आक्काची थोरली जाऊ त्रिशला. थोरले दीर वारल्यापासून त्या घरात त्रिशला आणि तिचा मुलगा अभिनंदन एवढीच माणसं. पण त्रिशलेला पाहून घरात एवढीच माणसं आहेत असं कुणाला वाटत नसे. तिच्या निळ्या गेटवर दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती होते. डाव्या हत्तीची सोंड उसाच्या ट्रॅक्टरनं मोडली होती. त्यामुळे तो कायम शिंकायच्या बेतात असल्यासारखा दिसे.

ब्राह्मीआक्काचं नाव होतं ते पापडाच्या पिठासाठी. उडदाचं पीठ कुटावं तर तिनं. तेलाचा हात लावून ती दगडावर बत्ता घालायला लागली, की गल्लीतली कुत्री झोपेतून उठून बसत. गल्लीची रीत अशी, की ज्या घरी लग्न त्या घरचे पापड साऱ्या गल्लीनं लाटायचे आणि पीठ ब्राह्मीआक्कानं कुटायचं. ती नसताना कुटलेल्या पिठाचा पापड भाजला की बिड्यांसारखा वळतो, असं बायका एकमेकींना सांगत. आक्काही सांगत असे.

माघात तिचा डावा स्तन काढला. त्यानंतर केमो सुरू झाली, केस गेले, डावा हात सुजून जड झाला. आणि चैत्रात अभिनंदनच्या लग्नाचे पापड आले.

आक्का डोक्याला फडकं बांधून गेली. आपण नसलो तर पापड बिघडतील, अशी तिची समजूत. त्रिशलेनं तिला दारातच अडवलं. सोप्यावर एक खुर्ची मांडली होती. शेजारी स्टुलावर ताटलीत बिस्किटं आणि पाण्याचा गिलास. "तू बस गं हितंच. बसून बघ नुसतं. बिस्किटं खा," म्हणाली. गिलास उचलताना आक्काला त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. कुणाचा गिलास कुठला हे कळावं म्हणून केलेली खूण. साऱ्या घरात खूण फक्त त्याच गिलासाला होती.

तरी आक्का उठली, आत गेली, आपल्यापुरत्या पिठात चिमूटभर पापडखार घातला, एक पोळपाट ओढला आणि लाटायला बसली. उजवा हात चालायचा, डावा साथ देईना. पापड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पळून गेलेले. एकही गोल नाही; एकाला तर थेट बेळगाव जिल्ह्याचा आकार आला. 

दुसऱ्या दिवशी आक्कानं आपल्या गच्चीवरून पलीकडं पाहिलं. त्रिशलेच्या गच्चीवर पांढऱ्या धोतरांवर पापड वाळत होते, चंद्राच्या पिलांसारखे गोल गोल. आणि पार कोपऱ्यात, एका जुनेरावर, वेगळे, वाकडे. आक्काचे. दिवस कलायच्या आत त्रिशलेनं ते तेवढे गोळा केले, खाली उतरली आणि महादेव गवळ्याच्या गायीपुढं टाकले.

गायीनं खाल्ले, याचं आक्काला काही वाईट वाटलं नाही. गायीला चव होती. पण आपल्या हातचा पापड घरात नको म्हणून उचलून टाकणारी बाई आपल्याच घराण्यातली, हे तिच्या उरात जाऊन बसलं. तिथं आता जागाही झाली होती, असं तीच म्हणायची.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भाद्रपद आला, जैनांचं दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावाणीचा दिवस उगवला. या दिवशी बस्तीत, म्हणजे देवळात, सगळे एकमेकांना हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात आणि देतात. आक्का सकाळी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून सोप्यावर बसली. भिंतीपलीकडून जाऊ येईल, काहीतरी पुटपुटेल, आपण थोडा वेळ तिला उभं ठेवू, मग बस म्हणू. सगळं ठरवून ठेवलं होतं. जाऊ आली नाही. फोन वाजला. कमळ, समई, जोडलेले हात आणि खाली: 'कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.' वर फॉरवर्ड केल्याचा बाण.

"नकळत?" आक्का ओरडली. "गायीच्या तोंडात पापड नकळत जातंय व्हय हो?"

"अगं, आज क्षमा करायचा दिवस," आण्णा पेपरामागून म्हणाले.

"ही घाऊक माफी हाय. हीच साऱ्या गावाला गेलीया. गवळ्याला गेलीया. गायीला फोन असता तर तिला बी गेली असती. मला किरकोळीत पायजे. एकेका पापडाची."

"म्हंजे कशी?"

"गल्लीतल्या बायकांच्या देखत, आपल्या तोंडानं म्हणायचं. ब्राह्मीचे पापड मी गायीला घातले, चुकले. बास. त्याबिगर मी मरत बी न्हाय आणि तिला बी मरू देत न्हाय."

आण्णांनी पेपर उलटा धरला आणि तसाच वाचत राहिले.

त्याच आठवड्यात आक्का बेळगावला गेली आणि तिची नि पाटीची गाठ पडली. तेव्हा पिवळ्या चेहऱ्यांत आपलं तोंड नाही असं ती म्हणाली, ते अगदी खरं होतं.

अदितीला मात्र त्या दिवशी हायसं वाटलं. कुणीतरी पाटीशी भांडलं तरी! तिनं धीर करून विचारलं, "आक्का, तुमच्या बोलीत एक व्हिडिओ कराल? व्यायाम कसे करायचे आणि घरच्यांनी कशी साथ दिली, एवढं सांगायचं."

"घरच्यांनी साथ दिली ते सांगायचं?" आक्काच्या डोळ्यांत दिवाळी उजळली. "सांगतो की! नावानिशी सांगतो."

"नाव नाही घ्यायचं. नियम आहे. कुणाचंच."

आक्कानं थोडा विचार केला. "बरं. नियम म्हंजे नियम."

व्हिडिओत आक्का खुर्चीवर ताठ बसली आहे. आधी तिनं व्यायाम शिकवला. "भिंतीपुढं उभारायचं. ऑपरेशन झालेल्या हाताची बोटं मुंगीगत भिंतीवर चढवत न्यायची. दुखतंय. लई दुखतंय. मग काय करायचं? वर भिंतीला आपल्या दुश्मनाच्या झिंज्या लोंबालेत असं समजायचं. माझ्या तर माझ्या जावंच्या हाईत. पहिल्या दिशी हात खांद्यापातूर गेला. आता शेंडीला लागलाय. तुमी बी तुमची एक जाऊ बघून ठेवा. जाऊ नसली तर नणंद घ्या." मग तिनं खुर्ची, बिस्किटं, गिलास, पापड नि गाय असं सगळं यथासांग सांगितलं. शेवटी म्हणाली, "नाव मी घेणार न्हाय. पण निळ्या गेटावर सिमेंटचे दोन हत्ती हाईत, डाव्याची सोंड मोडलीया. तिथं पाणी मागू नका. दिलं तर गिलासाचं बूड बघून घ्या."

अदितीनं त्यातला स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता काढून टाकला. हत्ती ठेवले. ते आक्काच्या बोलण्यातला नुसता अलंकार आहे असं तिला वाटलं. टिळकवाडीच्या मुलीला हत्ती खरे असतील असं कसं वाटणार?

आणि पाट्यांवरच्या वाट्या निघाल्या! चिकोडीपासून खानापूरपर्यंत बायका भिंतीपुढं उभ्या राहून झिंज्या धरू लागल्या. नंदगडच्या एका सासूबाईंनी सुनेला विचारलं, तू रोज भिंतीकडं बघून दात का खातेस? सून म्हणाली, डॉक्टरनी सांगितलंय. व्हिडिओखाली प्रश्न येऊ लागले. 'गाय कुणाची होती?' 'माझा हात दुश्मनाच्या कानापातूरच जातोय, पुढं काय करू?' 'बिस्किटं कुठली होती?' डॉक्टरांनीही मान डोलावली. कारण व्यायाम न चुकवता होत होते, आणि सूज उतरत होती.

निपाणीच्या दवाखान्यात किरणांच्या शेकाला नि तपासणीला आलेल्या बायकांनी हत्ती लगेच ओळखले. गल्लीत वाट वाकडी करून त्या येत, गेटापुढं थबकत, डाव्या हत्तीकडं बोट दाखवत, तोंडाला पदर लावत आणि जात. आक्का गच्चीतून बघे आणि तिचं मन तुपात पडे.

पण त्रिशलेचा समज भलताच झाला. माणसं लांबून लांबून आपले हत्ती बघायला येतात, असं तिला वाटलं. तिनं गवंडी बोलावला. सोंड बसवून घेतली. दोन्ही हत्तींना सोनेरी रंग दिला आणि संध्याकाळच्या आत जेवण उरकून ती रोज गेटात उभी राहू लागली, येणाऱ्या बायकांना पाणी विचारत. बायका पाणी नको म्हणून पळत. "लाजालेत बिचाऱ्या," ती म्हणे.

आक्काचा जीव कासावीस झाला. सूड घेतला होता, साऱ्या मुलखाला कळला होता, आणि जिच्यावर घेतला तिला पत्ता नाही! तिनं अदितीला फोन केला.

"त्या पाटीतलं माझं भाषण आमच्या थोरलीला दाखवायचंय. तिच्या फोनवर लाव."

"तसं नाही करता येत आक्का. ते फक्त पेशंटसाठी आहे."

"मग कर की तिला पेशंट!"

काही शब्द तोंडातून निघाले की परत आत घेता येत नाहीत, आणि या शब्दांना तर कडेला धारच होती. आक्कानं फोन ठेवला आणि त्या दिवशी पापडाचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर त्रिशला गुडघ्याच्या इलाजाला म्हणून, लग्नानंतर हुबळीला बिऱ्हाड केलेल्या अभिनंदनकडं जाऊ-येऊ लागली. आण्णांना काहीतरी माहीत असावं. पण आण्णांना काय माहीत आहे हे त्यांच्या खोकल्यावरून ओळखणं कठीण.

थंडीत एका दुपारी आक्कानं व्यायामासाठी पाटी उघडली. तिच्या व्हिडिओच्या शेजारी नवा व्हिडिओ होता. त्यात त्रिशला बसली होती. डोक्याला फडकं.

"मी निळ्या गेटवाली," त्रिशला म्हणाली. "आता सोनेरी हत्तीवाली म्हणा. माझ्या धाकट्या जावंनं तुमाला गोष्ट सांगितली ती अर्धीच. तिनं पिठात पापडखार दोनदा घातलता. डोस्कं ठिकाणावर नव्हतं तिचं. गाय ते पापड खाऊन सांजपातूर पाणीच प्यालती, महादेवाला इचारा. आणि व्यायामाला माझ्या झिंज्या धरा म्हणालीया न्हवं?" तिनं फडकं सोडलं. "हे बघा. आता कशाला धरशील गं ब्राह्मी?"

आक्का पाटीकडं बघत बसली. पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. मग तिनं पाटी आदळायला उचलली आणि उशीवर आदळली.

"ही लबाडी हाय!" ती आण्णांवर ओरडली. "मी हाणायला उभारले, तर ही आधीच आडवी पडलीया. आणि पापडखार! माझ्या हातनं पापडखार दोनदा?"

आण्णा खोकले.

"तुमाला ठावं होतं!"

"दादाचं घर हाय. ठावं असणारच की," आण्णा म्हणाले. "हुबळीचं नुसतं नाव. जात्यात बेळगावच्याच दवाखान्यात. सांगू नकोस म्हणालत्या."

मग पाटीवर जे सुरू झालं, ते सीमाभागानं पूर्वी पाहिलं नव्हतं. ब्राह्मीआक्कानं पापडखाराचा हिशोब मांडला. त्रिशलेनं गायीची साक्ष काढली. ब्राह्मीआक्कानं नेलपॉलिशचा रंग सांगितला. त्रिशलेनं ती बाटली ब्राह्मीच्याच रुखवतातली असल्याचं सांगितलं. बेळगुंदीच्या बायका त्रिशलेच्या बाजूनं, संकेश्वरच्या ब्राह्मीच्या. अदिती हुशार, ती दोन व्हिडिओंच्या मध्ये औषधाच्या वेळा, ताप आला तर काय करायचं, तोंड आलं तर काय खायचं असं घालून ठेवी. पुढचं भांडण ऐकायचं म्हणून बायका तेही मुकाट ऐकत.

आणि एके दिवशी त्रिशलेचं उत्तर आलंच नाही. आठवडा गेला, तरी नाही. भिंतीपलीकडून नुसता उलटीचा आवाज येई.

"पळाली," आक्का म्हणाली. "मैदान सोडून पळाली."

"तोंड आलंय त्यांचं. केमोनं. पाणी बी जात न्हाय," आण्णा म्हणाले.

आक्का उठली. नाचणीची आंबील शिजवली, ताकात सारखी केली, मीठ बेतानं. एक गिलास घेतला. कपाटातून लाल नेलपॉलिश शोधून काढलं, गिलासाच्या बुडाला ठसठशीत ठिपका दिला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग आंबील ओतली.

"जावा, देऊन या. म्हणावं, ही दया न्हाय. मला तिचा आवाज पायजे. मुक्या बाईला हरवून काय उपेग?"

गिलास परत आला तेव्हा बुडाला लाल ठिपक्याशेजारी हिरवा ठिपका होता. "बघा, बघा तिचा माज!" आक्का म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आंबील जरा घट्ट केली. ठिपके वाढत गेले. शेवटी गिलासाचं बूड चाळणीसारखं दिसू लागलं.

वैशाख आला. लग्न कुणाचं नव्हतं, पण वर्षाचे पापड होते. आक्कानं यंदा ते आपल्या सोप्यात मांडले आणि भिंतीवरून ओरडून सांगितलं, "उद्या पापड हाईत. येणारी येईल!"

तयारी तिनं अशी केली, की लग्नालाही केली नसती. सोप्यावर खुर्ची. स्टुलावर बिस्किटं, तीच, त्याच पुड्यातली वाटावीत अशी. ठिपकेवाला गिलास. महादेव गवळ्याला सांगून सकाळपासून गाय दारातल्या खांबाला बांधली.

"गाय कशाला पापडाला, आक्का?" महादेवनं विचारलं.

"साक्षीला."

पीठ कुटायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून आक्कानं बत्ता दुसरीच्या हातात दिला आणि स्वतः मुकादमासारखी उभी राहिली. पाटी डब्याला टेकवून गायीकडं तोंड करून लावली. आज जे घडेल ते चिकोडी, खानापूर, संकेश्वर सगळ्यांनी बघायचं होतं. गेलं वर्षभर ती या एका सकाळसाठी जगली होती. गोळ्यांपेक्षा त्यानंच तिला उभं ठेवलं, असं तिचं मत होतं.

त्रिशला आली. वाळलेली; ऑपरेशननं डावा हात सुजलेला. तिनं खुर्ची पाहिली, बिस्किटं पाहिली, खांबाला गाय पाहिली. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती खुर्चीवर बसली, एक बिस्कीट खाल्लं, पाणी प्यायली, गिलास उलटा करून बूड बघितलं. मग उठली, आत आली, एक पोळपाट ओढला आणि लाटायला बसली.

डावा हात साथ देईना. पापड वाकडे होत गेले. एकाला कसलाच आकार येईना. बायकांची लाटणी थांबली.

आक्कानं ते पापड उचलले. ओलेच. बायकांच्या मधून वाट काढत दारात गेली आणि गायीपुढं टाकले.

गायीनं हुंगलं आणि खाल्लं. त्रिशला मागून येऊन उभी राहिली होती.

"खारट न्हाईत न्हवं?" तिनं गायीला विचारलं. मग वळून म्हणाली, "ऐका गं सगळ्या. मागल्या साली ब्राह्मीचे पापड मीच गायीला घातले. पापडखार बरोबर होता."

अजून एक शब्द राहिला होता.

त्रिशला तो म्हणाली नाही. म्हणाली, "त्या पापडाच्या दिशी सकाळी न्हाताना माझ्या हाताला गाठ लागलती. मग तू आलीस, ते फडकं बांधून. तुझ्या हातची कुठली चीज घरात नको वाटली. तू हाईस म्हणून ते दुखणं माझ्याकडं बघालंय, असं वाटलं."

"चैत्रात?" आक्काचा आवाज चढला. "चैत्रात लागली आणि दाखवलीस दिवाळीनंतर?" तीस वर्षं तिनं थोरल्या जावेला 'तुमी' म्हटलं होतं, ते त्या घटकेला गळून पडलं. "भिंतीला भिंत लावून मी बसलीया! सगळं शिकून, पाटी घेऊन! चिकोडीची बाई मला इचारतीया, आणि तू माझ्या शेजारी गाठ झाकून हत्ती रंगवालीस? पापडाचं सोड गं, हे कुणाला घालू मी?"

तिनं कुणाच्या तरी हातातलं लाटणं ओढून घेतलं. दोघी-तिघींनी तिला धरलं.

"म्हण चुकले!"

"कशाबद्दल? पापडाबद्दल का गाठीबद्दल?"

"दोन्हीबद्दल!"

"साकु, साकु," त्रिशला म्हणाली. चिडली की ती कानडीत शिरे. 'साकु' म्हणजे पुरे, आणि पुरे म्हणजे पुरे. "क्षमावाणीला म्हणीन. आता ऊन चाललंय. पापड वाळायचे हाईत."

आणि ती परत पोळपाटाशी जाऊन बसली. बायका बसल्या. शेवटी आक्काही बसली. पण त्रिशलेकडं पाठ करून, आणि दिवस कलेपर्यंत लाट्या तिच्याकडं मागं सरकवत राहिली.

पाटी उघडून बघितली, तर तिचं चार्जिंग मध्येच संपलं होतं. त्रिशला बिस्कीट खाते आणि मागं गायीचं शेपूट हलतं, एवढंच त्यात आलं होतं. अदितीनं ते 'आहार' या सदरात घातलं.

आषाढात डॉक्टरांनी त्रिशलेला बरी म्हणून सांगितलं. अभिनंदन येऊन तिला कायमची हुबळीला घेऊन गेला. घर एका शिकवणीच्या क्लासला भाड्यानं दिलं. मुलांच्या सायकली आत जाईनात म्हणून क्लासवाल्यांनी हत्ती काढले.

क्षमावाणीच्या दिवशी ब्राह्मीआक्का न्हाऊन, धुवट लुगडं नेसून, फोन मांडीवर घेऊन सोप्यावर बसली. त्रिशलेचा मेसेज आला. कमळ, समई, जोडलेले हात. फॉरवर्ड केलेला होता; 'चुकले' त्यात कुठंच नव्हतं.